पातेल्याला चिकटलेलं

ओट्स शिजवून काढून घेतले की पातेल्याच्या कडेला एक पातळ, अर्धपारदर्शक थर राहतो. बोट फिरवलं की बुळबुळीत लागतो, चमचा उचलला की त्याला तार सुटते. मला तो थर अजिबात आवडायचा नाही. इतका, की सुरुवातीचे पाच-सहा आठवडे मी शिजवलेले ओट्स चाळणीत ओतायची आणि वरून गार पाण्याची धार सोडून तो सगळा चिकटपणा धुऊन काढायची. चाळणीखालचं पाणी गढूळ, दाटसर व्हायचं. ते मोरीत जायचं. वर उरलेले मोकळे, सुटसुटीत ओट्स मी बाबांच्या वाटीत वाढायची.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती त्या दिवसांतली ही गोष्ट. घरी सोडताना हातात दोन कागद मिळाले होते. एकावर गोळ्या, दुसऱ्यावर काय खायचं आणि काय टाळायचं. दुसऱ्या कागदावर आहारतज्ज्ञ बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ‘ओट्स, रोज.’ त्यातल्या ‘रोज’खाली दोन रेघा होत्या. मी त्या दोन रेघा मनावर घेतल्या. एकही दिवस चुकवला नाही. पुढच्या भेटीत बाईंनी सहज विचारलं, “कसे करता?” मी अगदी सविस्तर सांगितलं, धुण्यासकट. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, “अहो, जे धुऊन टाकताय ना, त्याच्यासाठीच तर खायला सांगितलं होतं.”

घरी येताना मला फार वाईट वाटलं. दीड महिना मी अगदी जिवापाड काळजी घेत होते आणि त्यातलं कामाचं बरंचसं मोरीत ओतत होते. त्या रात्री वाचायला बसले आणि मग ते वाचन थांबलंच नाही. ओट्सचे फायदे म्हणून जे जे सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं त्या बुळबुळीत थरापाशीच येऊन पोचतं, हे मला तेव्हापासून पटत गेलं.

त्या थराचं नाव बीटा-ग्लुकान. ओटच्या दाण्यातल्या पेशींच्या भिंती ज्यापासून बनतात, त्यातला हा एक मुख्य घटक. आहे तसा साखरेचाच, म्हणजे ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक गुंफून झालेली लांबच लांब साखळी. पण ते रेणू एकमेकांना अशा पद्धतीने जोडलेले असतात की आपल्या शरीरातल्या पाचकरसांना ती साखळी तोडता येत नाही. पिष्ट पचतं, हे पचत नाही. म्हणून तो तंतुमय पदार्थ. आणि ही साखळी सरळ नसते, मधूनमधून तिला वाकण असतं, त्यामुळे ती घट्ट गठ्ठा न होता पाण्यात पसरते, पाणी धरून ठेवते, फुगते. पातेल्यात जे दिसतं तेच पुढे आतड्यातही घडतं. खाल्लेलं अन्न थोडं दाट, थोडं घट्टसर होऊन सावकाश पुढे सरकू लागतं.

कोलेस्टेरॉल यात कुठे आलं, हे समजायला मला थोडा वेळ लागला, पण समजलं तेव्हा ती रचना फार आवडली. आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती पित्तातून लहान आतड्यात उतरतात, चरबी पचवायला मदत करतात आणि आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात जवळपास सगळी, सुमारे ९५ टक्के, पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परत जातात. तीच पित्ताम्लं दिवसातून कितीतरी वेळा ही फेरी मारत असतात. शरीर काटकसरी आहे, वापरलेली वस्तू टाकत नाही. आता या वाटेवर ओट्सचा दाट गर असला, की काही पित्ताम्लं त्यात अडकतात, परत शोषली जात नाहीत आणि शौचावाटे बाहेर पडतात. तूट पडली की यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात. त्यासाठी कोलेस्टेरॉल हवं. ते मिळवण्यासाठी यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर जास्त ‘ग्राहक’ (रिसेप्टर) उभे करतात आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते, आत ओढून घेतात. हे ग्राहक मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी शोधले आणि त्यांच्या त्या कामाला १९८५ चं नोबेल मिळालं. पित्ताम्लं आतड्यातच बांधून टाकणारी औषधंही आहेत, त्यांचं काम साधारण याच मार्गाने चालतं. ओट्स हे त्या मार्गावरचं सौम्य, खाण्याजोगं पाऊल.

हे सगळं वाचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चमच्याला सुटलेली तार बघताना मला काही वेगळंच वाटलं. किळस गेली होती.

ओट्स आणि कोलेस्टेरॉल यांचं नातं काल-परवा कोणी जाहिरातीसाठी जोडलेलं नाही. १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या संशोधकांचा एक छोटा प्रयोग छापून आला. २१ पुरुषांना तीन आठवडे रोज १४० ग्रॅम ओट्स घातलेला पाव खायला दिला, तर रक्तातलं कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्क्यांनी उतरलं. पुढे अमेरिकेत केंटकी विद्यापीठाचे डॉ. जेम्स अँडरसन यांनी ओट्सच्या कोंड्यावर बरंच काम केलं, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे ओट ब्रानची अक्षरशः लाट आली. जे दिसेल त्यात कोंडा घातला जाऊ लागला. मग १९९० च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. २० निरोगी माणसांना काही आठवडे ओट ब्रान आणि काही आठवडे तंतू कमी असलेला गव्हाचा पदार्थ दिला, तर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच दिसला. लाट एका झटक्यात ओसरली.

मला या सगळ्या प्रकरणाचं वाईट वाटतं ते लोकांसाठी. आधी ‘हे खा आणि निश्चिंत राहा’ असं सांगितलं गेलं, मग ‘यात काहीच नाही’ असं. दोन्ही वेळा माणसं फसल्यासारखी झाली. खरं तर त्या १९९० च्या अभ्यासात माणसं थोडी होती आणि त्यांचं कोलेस्टेरॉल मुळातच फारसं वाढलेलं नव्हतं. संशोधन चालूच राहिलं, अभ्यास साठत गेले आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्समधल्या विद्राव्य तंतूंमुळे हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं वेष्टनावर लिहायला परवानगी दिली. अट अशी, की एकूण आहारात संपृक्त चरबी आणि कोलेस्टेरॉल कमी हवं. एखाद्या विशिष्ट खाद्यपदार्थासाठी असा दावा करू देण्याची तिथली ती पहिलीच वेळ. युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेनेही २०१० मध्ये कोलेस्टेरॉलबद्दलचा हा दावा मान्य केला. दोन्हीकडे आकडा एकच आहे: दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान.

हे तीन ग्रॅम म्हणजे किती, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. साध्या चपट्या ओट्समध्ये बीटा-ग्लुकान साधारण ४ टक्के असतं. म्हणजे ३ ग्रॅमसाठी कोरडे ओट्स सुमारे ७५ ग्रॅम लागतात. मी घरातल्या वजनकाट्यावर मोजून पाहिलं. मी ज्याला ‘भरपूर’ समजत होते ते भरले ३० ग्रॅम. त्यातही निम्मा चिकटपणा धुतलेला. ७५ ग्रॅम हे एका वेळी खायला जड जातं, म्हणून आम्ही त्याचे दोन भाग केले, सकाळी ४० आणि संध्याकाळी ३५. ओट्सचा नुसता कोंडा मिळतो, त्यात हा अंश निदान साडेपाच टक्के असतो. ज्यांना पोटभर ओट्स जात नाहीत त्यांनी दोन चमचे कोंडा कशातही मिसळावा, बेरीज जमते. जवातही बीटा-ग्लुकान चांगलं असतं, तेव्हा सगळा भार ओट्सवर टाकायचंही कारण नाही.

आणि इतकं करून मिळतं काय? २०१४ मध्ये २८ चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले. रोज किमान ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान घेणाऱ्यांचं एलडीएल सरासरी ०.२५ मिलिमोल प्रतिलिटरने उतरलं होतं. आपल्या रिपोर्टच्या भाषेत सुमारे १० मिलिग्रॅम. एचडीएलमध्ये, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलमध्ये, फरक नाही, ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीमध्येही नाही. म्हणजे ज्याचं एलडीएल १६० आहे त्याचं ओट्समुळे १५० होईल, १०० होणार नाही. ज्यांना गोळी लागते त्यांना गोळी लागतेच. ओट्स सुरू केले म्हणून परस्पर गोळी बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ते पाहताना माझ्या पोटात गोळा येतो. बाबांची गोळी चालू आहे, चालूच राहील.

पण १० हा आकडा मला लहान वाटत नाही. माझं स्वतःचं एलडीएल १४२ होतं. बाबांच्या बरोबरीने मीही खाऊ लागले, चार महिन्यांनी १३१ आलं. एका माणसाच्या दोन रिपोर्टांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. रक्ताचे आकडे आज-उद्यात असेही थोडे हलतात. तरीही तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. सकाळच्या खाण्यात एक साधा बदल, सवय झाली की त्याचा कसलाही त्रास नाही आणि वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांवरचा भार थोडा तरी हलका. हा भार वर्षांच्या हिशेबाने साठतो, म्हणून उतरवायचा तर तोही वर्षांच्याच हिशेबाने. त्या ‘रोज’खालच्या दोन रेघा का होत्या ते मला तेव्हा कळलं. खाणं थांबवलं की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल मूळ पदावर येतं, कारण पित्ताम्लांना पुन्हा मोकळी वाट मिळते.

ओट्स विकत घेताना आपण बहुतेक पाकिटावरचं चित्र पाहतो. खरं पाहायचं असतं ते दाण्याचं काय केलंय ते. सोललेल्या अख्ख्या दाण्याचे पोलादी पात्याने दोन-तीन तुकडे केले की ते कापीव ओट्स, त्यांना शिजायला वीस-तीस मिनिटं लागतात. दाणे वाफवून रुळांतून चपटे केले की जाड ओट्स, पाच-दहा मिनिटांत होतात. आणखी पातळ लाटून, जास्त शिजवून वाळवले की झटपट ओट्स, ज्यांना नुसतं गरम पाणी पुरतं. तिन्हींत दाणा तोच आणि तंतूही जवळपास तेवढेच. फरक पडतो तो साखर रक्तात किती वेगाने पोचते यात. या वेगाचं माप म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. कापीव आणि जाड ओट्सचा तो ५५ च्या आसपास, झटपट ओट्सचा ८० च्या आसपास. दाणा जितका बारीक दळला-लाटला, तितकं पिष्ट पाचकरसांना लवकर सापडतं.

एक गोष्ट इथे सांगून ठेवते. ओट्समध्ये चरबी इतर धान्यांपेक्षा जास्त, शंभर ग्रॅममागे साडेसहा-सात ग्रॅम, आणि ती फोडणारं विकरही (एन्झाइम) दाण्यातच असतं. म्हणून सोलल्यावर लगेच दाण्यांना वाफ देऊन भट्टीत तापवावं लागतं, नाहीतर ते काही दिवसांत कडवट होतात. आपल्याला आवडतो तो खमंग, भाजल्यासारखा वास याच तापवण्याचा. तरीही डबा उघडा, उन्हाजवळ राहिला की ओट्स खवट होतातच. एकदा मागे राहिलेला डबा उघडला तर जुन्या तेलाचा वास आला. चव घेऊन पाहिली, जिभेच्या मागे कडू. टाकून दिले. तेव्हापासून मी एका वेळी थोडेच आणते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

साखरेचा विषय निघालाच आहे. मधुमेहासाठी ओट्स ही कल्पना इन्शुलिनच्याही आधीची. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला कार्ल फॉन नूर्डेन हे जर्मन डॉक्टर आपल्या रुग्णांना काही दिवस जवळजवळ फक्त ओट्सवर ठेवायचे. १९२१ मध्ये इन्शुलिन सापडलं आणि तो उपचार मागे पडला. आज कोणी तसं करावं असं मी म्हणणार नाही. पण त्या काळात हातात दुसरं काहीच नसताना एक डॉक्टर धान्यातून वाट शोधत होता, हे मला हलवून जातं.

आजची समजूत अशी, की जेवणात बीटा-ग्लुकान पुरेसं असलं तर जेवणानंतरची साखर कमी उंच चढते, कारण दाट झालेलं अन्न जठरातून सावकाश उतरतं आणि ग्लुकोज हळूहळू शोषलं जातं. ‘पुरेसं’ या शब्दावर मात्र थांबायला हवं. युरोपीय यंत्रणेने २०११ मध्ये यासाठी घातलेली अट अशी: जेवणातल्या दर ३० ग्रॅम पचण्याजोग्या कर्बोदकांमागे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकान. साध्या ओट्समध्ये ३० ग्रॅम कर्बोदकांमागे ते निम्मंही भरतं-न भरतं. कोंडा मिसळला तर त्या प्रमाणाच्या जवळ जाता येतं. तेव्हा मधुमेह असलेल्याने ‘ओट्सच आहेत’ म्हणून मोठा वाडगा भरून खाल्ले, वर मध आणि सुका मेवा घातला, तर साखर चढणारच. ओट्स हे शेवटी धान्य आहे, त्यात दोन-तृतीयांश कर्बोदकं आहेत. बाबांच्या बोटाला सुई टोचून खाण्याआधी आणि दोन तासांनी आम्ही आकडे लिहीत गेलो, तेव्हा त्यांच्यासाठी किती बरोबर ते समजलं. सोबत दही किंवा मूठभर शेंगदाणे असले की आकडा आणखी बरा येतो, हेही त्या वहीतच दिसलं.

चवीचे तयार ओट्स मिळतात त्यांच्याबद्दल एवढंच, की घेण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचावी. काहींत साखर, काहींत मीठ इतकं असतं की ज्यासाठी ओट्स घेतो तोच हेतू मागे पडतो. ओट्सचं दूधही आता सगळीकडे दिसतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात रिकार्ड ओस्टे यांच्या संशोधनातून ते आलं. विकर घालून ओट्समधलं पिष्ट फोडतात, त्यातून माल्टोज ही साखर तयार होते, म्हणून वरून साखर न घालताही ते गोडसर लागतं. दूध पचत नसलेल्यांना ती मोठी सोय आहे. पण ओट्स खाण्याऐवजी ओट्सचं दूध प्यायलं की झालं, असं होत नाही.

आता पोट. या बाबतीत आमची दुसरी चूक झाली. आहारतज्ज्ञ बाईंनी धुणं थांबवायला सांगितल्यावर मी उत्साहाच्या भरात ३० ग्रॅमवरून एकदम ७५ वर गेले. चार दिवस बाबांचं पोट फुगून तडस लागलं. “अगं, हे औषध आहे की शिक्षा?” असं म्हणून त्यांनी वाटी बाजूला सारली. चूक ओट्सची नव्हती, घाईची होती. जे तंतू आपण पचवू शकत नाही ते मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून वायू होतो आणि त्यासोबत ब्युटिरेटसारखी छोटी मेदाम्लंही होतात, जी मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन असतात. जिवाणूंच्या त्या वस्तीला नव्या अन्नाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आम्ही पुन्हा ३० वर आलो, दर आठवड्याला दहा-दहा ग्रॅम वाढवत गेलो, पाणी वाढवलं. पाणी फार महत्त्वाचं. तंतू पाणी धरतात तेव्हा मळ मऊ होतो. पाणीच नसेल तर उलट खडा होतो. महिन्याभरात बाबांची जुनी बद्धकोष्ठता कमी झाली. कोलेस्टेरॉल दिसत नाही, हे दिसतं, म्हणून त्यांचा विश्वास बसला तो इथे.

ज्यांच्या आतड्यात अडथळा किंवा आकुंचन आहे, किंवा ज्यांचं जठर फार संथ चालतं, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले दाट तंतू वाढवू नयेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही प्रमाण विचारून ठरवावं, ओट्समध्ये फॉस्फरस बराच असतो. आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती ओट्ससोबत घेऊ नये, तंतूंमुळे गोळी कमी शोषली जाते. माझी ती गोळी आहे. मी ती उठल्याउठल्या रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेते आणि तासाभराने खाते.

बाकी पोषणाबद्दल फार लांबण लावत नाही. ४० ग्रॅम कोरड्या ओट्समधून सुमारे १५० कॅलरी, पाच ग्रॅम प्रथिनं आणि चार ग्रॅम तंतू मिळतात. शिवाय मॅग्नेशियम, मँगनीज आणि लोह. धान्यांच्या मानाने प्रथिनं चांगल्या प्रतीची, लायसिन गव्हापेक्षा जास्त. लोहाचं मात्र असं आहे, की ओट्समधलं फायटिक आम्ल ते धरून ठेवतं. रात्रभर भिजवलं की फायटिक आम्ल निघून जातं असं सर्रास सांगतात. इतर धान्यांत ते बऱ्यापैकी खरं आहे, कारण भिजवल्यावर दाण्यातलं विकर ते फोडू लागतं. ओट्समध्ये हे विकर मुळातच थोडं आणि जे असतं तेही त्या वाफेत-भट्टीत निष्क्रिय होतं. म्हणून भिजवण्यापेक्षा सोबत क जीवनसत्त्वाचं फळ खावं, लोह शोषायला त्याचा उपयोग जास्त. भिजवावं ते मऊ होण्यासाठी आणि सकाळची धांदल वाचवण्यासाठी. १९०० च्या सुमारास झुरिकमधल्या डॉ. माक्सिमिलियान बिर्खर-बेन्नर यांनी आपल्या रुग्णांसाठी बनवलेल्या म्युस्लीत ओट्स जेमतेम चमचाभर, रात्रभर पाण्यात भिजवलेले, आणि बाकी मुख्यतः ताजं किसलेलं सफरचंद असायचं. आजच्या साखर घोळवलेल्या म्युस्लीपेक्षा मला तो मूळ वाडगा कितीतरी शहाणा वाटतो.

पोट भरल्याची जाणीव टिकते, हे मात्र मी स्वतः अनुभवलेलं आहे. सकाळी आठला ओट्स खाल्ले की बारापर्यंत हात डब्याकडे जात नाही. वजन कमी होण्याचं श्रेय ओट्सला द्यायचं तर इतकंच, मधलं अरबट-चरबट सुटतं.

खाण्याव्यतिरिक्त ओट्सचा एक उपयोग आहे, त्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. माझ्या भाचीला लहानपणापासून एक्झिमा. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे त्वचा कोरडी, लाल, आणि खाज अशी की रात्री झोपेत ओरबाडून रक्त काढायची. तिच्या त्वचारोगतज्ज्ञांनी औषधांच्या जोडीला सांगितलं, आंघोळीच्या पाण्यात ओट्सचं पीठ घाला. मी साधे ओट्स मिक्सरमध्ये अगदी बारीक दळले. बारीक झालं की नाही ते पाहायची खूण अशी: पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर पीठ ढवळायचं. पाणी दुधासारखं झालं आणि पीठ तळाशी बसलं नाही, तर जमलं. बोटांना ते पाणी रेशमी लागतं. टबात ते पाणी ओतून ती पंधरा मिनिटं बसायची. गरम नाही, कोमटच. मग अंग न घासता टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच मलम लावायचं.

तोच बुळबुळीतपणा इथेही. पिष्ट आणि बीटा-ग्लुकान त्वचेवर पातळ थर धरतात आणि ओलावा टिकवतात. शिवाय ओट्समध्ये अव्हेनँथ्रामाइड नावाची संयुगं असतात, ती इतर धान्यांत नाहीत, आणि ती दाह आणि खाज शमवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये अशा बारीक ओट्स-पिठाला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. एक्झिमा याने बरा होत नाही. पण पहिल्या रात्री ती पोर सलग पाच तास झोपली तेव्हा माझी बहीण दारात उभी राहून नुसती तिच्याकडे बघत होती.

ज्यांना सीलिअॅक आजार आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने ज्यांच्या आतड्याला इजा होते, त्यांनी ओट्स खावे की नाही, हे मला अनेकदा विचारलं जातं. ओट्समध्ये गव्हातलं ग्लुटेन नसतं, अव्हेनिन नावाचं वेगळं प्रथिन असतं. पूर्वी त्यांना ओट्स पूर्ण वर्ज्य सांगायचे. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी सीलिअॅकच्या प्रौढ रुग्णांना ओट्स देऊन पाहिले, बहुतेकांच्या आतड्याला इजा झाली नाही. अडचण वेगळीच आहे. ओट्स अनेकदा गहू-जवाच्या शेजारी पिकतात, त्याच यंत्रांतून जातात, त्याच गाड्यांतून येतात. इतिहासातही ओट्स आधी गहू-जवाच्या शेतांतलं तणच होतं, सोबतीने वाढत वाढत पीक झालं. ती सोबत अजून सुटलेली नाही. म्हणून अशा रुग्णांनी ‘ग्लुटेनमुक्त’ असं स्पष्ट लिहिलेलेच ओट्स घ्यावेत, ज्यांत किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असल्याची खात्री असते. आणि थोड्या जणांना अव्हेनिनही सोसत नाही, म्हणून तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

मी आता ओट्स कसे करते ते सांगते. जाड ओट्स, पाण्यात, मंद आचेवर, अधूनमधून ढवळत. जितकं ढवळावं तितकी तार सुटते. एक भाग ओट्स, तीन भाग पाणी, शेवटी थोडं दूध. बाबांना तिखट-मिठाचे आवडतात, त्यात भाज्या. मला नुसते, वर एखादं फळ. दळलेले ओट्स मी पिठातही मिसळते, पण यीस्ट घालून फुगवायच्या कणकेत भरवसा कमी धरते, कारण फुगताना गव्हाच्या पिठातली विकरं बीटा-ग्लुकानच्या लांब साखळ्या तोडतात, आणि साखळी लांब असेल तरच दाटपणा येतो.

गेल्या महिन्यात मला कामासाठी आठवडाभर बाहेर जावं लागलं. निघताना मी बाबांना वजनकाटा दाखवला, चमच्यांचा हिशेब लिहून ठेवला. “तू जा, मला येतं,” म्हणाले. रोज संध्याकाळी फोन करायचे तेव्हा ओट्सचा विषय दोघंही काढत नव्हतो. मी काढला नाही कारण मला भीती होती, त्यांनी का काढला नाही ते माहीत नाही.

परत आले ती सकाळ उलटून गेल्यावर. बाबा फिरायला गेले होते. ओट्यावर डबा, झाकण घट्ट लावलेलं. वजनकाट्याच्या ताटलीत दोन-चार दाणे. आणि मोरीत ते पातेलं, पाणी न घालता तसंच ठेवलेलं. कडेचा थर वाळून कागदासारखा ताठ झाला होता, एका बाजूने सुटून वर वळला होता. मी नळ सोडला, पातेलं काठोकाठ भरलं आणि बॅग उघडायला आत गेले. बाबा आले तोवर तो थर पुन्हा फुगून मऊ झाला होता, बोट लावताच सुटून आला.